उभी शेपटी

देवमाशाची शेपटी आडवी असते, हे मला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजच्या ग्रंथालयात कळलं. तोपर्यंत माझ्या भावाने ती उभी जोडून टाकली होती.

साध्या माशाची शेपटी उभी असते आणि पोहताना ती डावीकडे-उजवीकडे हलते. देवमाशाची शेपटी पाण्याला समांतर, सुपासारखी पसरलेली असते आणि वर-खाली हलते. समुद्रकाठच्या माणसाला हे सांगावं लागत नसेल. पण आम्ही जळगावचे, त्याआधी साक्रीकडच्या एका डोंगराळ गावचे. आमच्या घरात कोणीही समुद्र पाहिलेला नव्हता. मी पाहिले होते ते बाजारात टोपलीत पडलेले मासे, त्यांच्या शेपट्या उभ्या. एवढंच माझं ज्ञान होतं. त्या वेळी मात्र मला ते फार वाटत होतं.

वडील वारल्यावर आई आम्हा दोघांना घेऊन जळगावात आली. भाऊ सातवीत होता. तो शाळा सोडून एका फॅब्रिकेशनच्या दुकानात लागला आणि मी शाळेत राहिले. हे कोणी बसून ठरवलं नव्हतं. मी हुशार होते म्हणून, असं आई सांगायची. भाऊ हुशार नव्हता असं मात्र तिने कधी म्हटलं नाही. मी बारावीला सायन्स घेतलं, मग प्राणिशास्त्र. आमच्या गल्लीत कॉलेजात जाणारी मी पहिली मुलगी. कॉलेजात गेल्यावर मी घरीसुद्धा पुस्तकातली मराठी बोलू लागले. आई आणि भाऊ अहिराणीतच बोलत राहिले. मी काही सांगितलं की आई शेजारणीला म्हणायची, "ती सांगस तं खरंच व्हई. सायन्सले शे ना."

दुकान एका मुसलमान चाचांचं होतं. हायवेला लागून पत्र्याची शेड. पुढे चॅनेलगेट, खिडक्यांच्या जाळ्या, शटर उभी केलेली. या धंद्यात एक रीत होती, अजूनही असेल. तयार फाटकावर वर मधोमध एक छोटी पत्र्याची पट्टी बसवायची, तिच्यावर दुकानाचं नाव. फाटक कोणी केलं ते त्या पट्टीवर नसतं. भाऊ मला सायकलवर डबलसीट घेऊन जायचा तेव्हा रस्त्यातली फाटकं दाखवायचा. "हाई मन्हं. हाई बी मन्हं. ते नही, ते दुसराचं, देख कसं झुकेल शे." एकदा मी म्हटलं, "पण नाव तर चाचांचं आहे." त्याने पायडल जोरात मारलं. मला वाटतं मी ते सहज म्हटलं होतं. पण नक्की सांगता येत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शहरातल्या व्यापाऱ्यांच्या एका मंडळाने गावाबाहेरच्या तलावाकाठी बाग करायला घेतली. मंडळाचे अध्यक्ष शेठ सहकुटुंब कोकणात जाऊन आले होते. तलावाकाठी संध्याकाळी वारा सुटतो, लोक भेळ खायला येतात, तर तिथे समुद्राचं काहीतरी पाहिजे, असं त्यांच्या मनात आलं. सिमेंटचे पुतळे सगळीकडे असतात म्हणून टाकाऊ लोखंडातून करायचं ठरलं. कापसाच्या जिनिंगमधलं जुनं लोखंड पडून होतं. भुसावळला रेल्वेचं भंगार लिलावात मिळायचं. शेठ चाचांकडे आले, आणि चाचांनी माझ्या भावाकडे बोट दाखवलं.

"मी म्हातारा झालो. हा लडका करील. पण एक शर्त आहे शेठ," चाचा म्हणाले. "तिथे माझी पट्टी लावू नका. फाटक माझं, शटर माझं. हे याचं. तिथे याचं नाव टाका."

शेठ हसले. "बागेत फरशी बसवू ना. त्यावर टाकू. त्यात काय एवढं!"

भाऊ त्या दिवशी घरी आला आणि आईला म्हणाला, "फरशीवर मन्हं नाव कोरतीन." आईला आधी कळेना. मेलेल्या माणसाचं नाव फरशीवर कोरतात, एवढंच तिला माहीत होतं. तिने त्याला असलं बोलू नको म्हणून दटावलं. मग त्याने समजावलं. त्या वेळी तो सव्वीस-सत्तावीस वर्षांचा असेल. दुसऱ्या कोणत्याही गोष्टीसाठी तो इतका आतुर झालेला मी पाहिला नाही, लग्नासाठीही नाही.

देवमासा करायचं मी सुचवलं. शेठना मोठं काहीतरी हवं होतं, लांबून दिसेल असं. मी माझ्या पाठ्यपुस्तकातली आकृती घेतली. ती अंगठ्याएवढी होती, बाजूने काढलेली, काळपट छापलेली. शेपटीच्या जागी एक पीळ पडल्यासारखी रेघ होती. ती तशी का, मला कळेना. छपाईचा दोष असेल असं मला वाटलं. चार खाकी कागद चिकटवून मी त्यावर चौकोन आखले, आकृती मोठी केली आणि शेपटी माझ्या समजुतीप्रमाणे नीट करून उभी काढली. विभागातल्या सरांना कागद दाखवला. सर घाईत होते. त्यांनी कोपऱ्यात लाल पेनाने लिहिलं, "पाहिले. छान." आणि सही केली.

भावाने तो कागद दुकानात खिळ्याला टांगला आणि बराच वेळ बघत राहिला.

"हाऊ श्वास कसा लेस?" त्याने विचारलं.

"त्याला फुप्फुसं असतात. आपल्यासारखी. तो वर येऊन हवा घेतो."

"सारखं वर येवानं, खाले जावानं?"

"हो."

त्याने हाताचा तळवा उभा धरला आणि हवेत डावी-उजवीकडे हलवला. मग आडवा धरला, वर-खाली हलवला. "उभी शेपटी तं त्याले बाजूले ढकली. वर कशी लई जाई? वर येवाले शेपटी आडवी पाहिजे ना?"

सातवीत शाळा सोडलेला माणूस त्या कागदापुढे उभा राहून हे बोलला. मी काय म्हणाले ते मला शब्दशः आठवतं. मी म्हणाले, "तू मासे पाहिलेत ना? आणि पुस्तकात तसंच आहे. आता पुस्तकापेक्षा तुला जास्त कळतं का?"

"नही बाप्पा," तो हसून म्हणाला. "पुस्तकमा शे तं शे."

मग त्याने काम सुरू केलं. बरगड्या बैलगाडीच्या चाकांच्या धावांच्या केल्या. त्या वर्षांत गाड्यांना रबरी टायर लागत होते आणि लोखंडी धावा भंगारात पडत होत्या. भाऊ त्यातल्या सारख्या मापाच्या निवडून आणायचा. कातडीला डांबराची रिकामी पिंपं कापून, ठोकून सपाट केली. डोळा ट्रकच्या दिव्याचा. एक कासवही केलं, हलवायाच्या फुटक्या कढईचं. पाठीचा कणा रेल्वेच्या कुठल्यातरी जाड सळईचा होता. ती वाकवायला तीन माणसं लागली. तोंड असं झालं होतं की मला ते खरंच जिवंत वाटायचं. चाचा येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायचे. लोक टिंगलही करायचे. कोणी म्हणायचा, "काय रे, मासा तळायला एवढी मोठी कढई कुठून आणशील?" भाऊ म्हणायचा, "ती कासवाला लागली. तू दुसरी आण."

ग्रंथालयात मला कळलं ते एका दुपारी. परीक्षेसाठी सस्तन प्राण्यांचं एक जाड इंग्रजी पुस्तक काढलं होतं. माझं इंग्रजी हळू होतं, मी ओळीखाली बोट ठेवून वाचायची. त्यात लिहिलं होतं की देवमाशाची शेपटी 'हॉरिझॉन्टल' असते. शब्दाचा अर्थ मला माहीत होता. तरी मी उठले, कपाटातला शब्दकोश आणला आणि अर्थ पाहिला. आडवा, क्षितिजसमांतर. पुढच्या पानावर वरून काढलेलं चित्रही होतं.

उद्घाटनाला बारा दिवस होते.

मी पुस्तक परत केलं आणि चालत दुकानात गेले. सांगायचंच म्हणून गेले होते, एवढं मी स्वतःच्या बाजूने म्हणू शकते. दुकानासमोर दोन रिक्षावाले उभे होते. भाऊ शिडीवर होता. शेपटी आदल्या दिवशीच जोडून झाली होती, ग्राइंडरने जोड घासणं चाललं होतं. एक रिक्षावाला ओरडला, "ए, हा खरा असाच असतो का रे? का मनानेच केलास?"

भाऊने वरूनच माझ्याकडे हात केला. "ही बघ, माझी बहीण. बी.एस्सी.ला आहे. हिला विचार."

रिक्षावाल्याने माझ्याकडे पाहिलं. "काय ताई, असाच असतो?"

"हो," मी म्हणाले.

त्या दिवशी हे एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवून देवमासा तलावावर नेला. तिसऱ्या दिवशी सिमेंटच्या चौथऱ्यात त्याच्याखालचे आधाराचे लोखंडी पाय पक्के झाले. सांगणं रोज जास्त कठीण होत गेलं, असं मी पुढे स्वतःला समजावत आले. पण बारा दिवसांत भाऊ रोज घरी जेवायला बसत होता आणि मी रोज त्याच्यासमोर बसत होते. कापून पुन्हा जोडायला त्याला चार-पाच दिवस पुरले असते. मला त्याच्या मेहनतीची काळजी नव्हती. त्या घरात माझं एकदाही चुकलेलं नव्हतं आणि मला ते तसंच ठेवायचं होतं. जळगावात देवमासा कोणी पाहिलाय, कोणाला कळणार, असंही मी मनाशी म्हणाले.

फरशी मी उद्घाटनाच्या सकाळी पाहिली. शहाबादी, काळसर. मंडळाचं नाव, शेठचं नाव, त्याखाली 'संकल्पना व रेखाटन' म्हणून माझं, आणि शेवटी 'कारागीर' म्हणून भावाचं. भाऊ फरशीजवळून हलत नव्हता. नवा शर्ट घातला होता, त्याच्या घड्या मोडलेल्या नव्हत्या. आईने देवमाशाला हळद-कुंकू लावलं. नावात देव आहे म्हणजे लावायलाच पाहिजे, असं तिचं म्हणणं होतं.

पाहुणे म्हणून शेठनी कोकणातले एक निवृत्त अधिकारी बोलावले होते. बंदरात त्यांनी आयुष्यभर नोकरी केली होती. शेठना ते त्या सहलीतच भेटले होते. त्यांनी फीत कापली, टाळ्या झाल्या. मग ते देवमाशाभोवती चालत गेले आणि शेपटीपाशी थांबले. आधी खाकरले. मग हसू आवरेना म्हणून त्यांनी रुमाल तोंडाला लावला.

"शेठ, हे काय केलंत? हा देवमासा नव्हे हो. हा बांगडा! फुगवलेला बांगडा!"

शेठना कळलं नाही. पाहुण्यांनी हाताच्या तळव्याने करून दाखवलं, शेपटी अशी नाही, अशी. अगदी भावाने दुकानात केलं होतं तसंच. तिथे जमलेल्या लोकांत बांगडा पाहिलेले किती होते मला माहीत नाही. पण सगळे हसले. शेठ हसत नाहीत हे पाहून आणखी हसले. मुलं चौथऱ्यावर चढून "बांगडा, बांगडा" ओरडू लागली. एक बाई पोट धरून हसत होती. तिच्या कडेवरचं मूल घाबरून रडायला लागलं तरी ती थांबेना.

"कोणी केलं हे?" शेठ म्हणाले. "रेखाटन कोणाचं?"

कॉलेजचे सरही आले होते, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहिलं. डाव्या चपलेचा अंगठा शिवलेला होता.

"साहेब," भाऊ पुढे येऊन म्हणाला, "चूक माझी आहे. बहिणीने बरोबर काढून दिलं होतं. जोडताना माझ्याकडून फिरलं."

"फिरलं? हत्तीएवढी शेपटी आणि फिरलं?" शेठचा आवाज चढला. "डोळे कुठे होते तुझे? घरात एवढी शिकलेली बहीण आहे, तिचं ऐकायला काय जात होतं?"

"चुकलंच साहेब."

"लोहारकामाला डोकं लागत नाही, पण थोडं तरी लागतं रे!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा झाला. चाचा काहीतरी बोलायला पुढे सरकले. भावाने त्यांचं मनगट धरलं. ते मी पाहिलं.

पुढचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला. सत्काराच्या यादीत भावाचं नाव टोपी-उपरणं आणि नारळासाठी होतं. सूत्रसंचालकाने ते वाचलं नाही. माझं वाचलं. मी व्यासपीठावर गेले. पाहुण्यांनी मला गुच्छ दिला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून माइकवर म्हणाले, "ही मुलगी खरी हुशार. हिचं चित्र बरोबर होतं, करणाऱ्याने घोळ घातला." टाळ्या झाल्या. मी वाकून नमस्कार केला. आई टाळ्या वाजवत होती. तिला बाकीचं काही नीट कळलेलं नव्हतं, मी व्यासपीठावर गेले तेवढंच तिने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी फरशीवरची शेवटची ओळ सिमेंटने लिंपून टाकली. शेठनी निरोप पाठवला की शेपटी नीट करून दे, तीही लवकर, लोक हसायला येतात. हे खरं होतं. भेळवाल्याने गाडी तिथे सरकवली होती आणि तो "चला, बांगड्याजवळची भेळ" असं ओरडत होता. भाऊ गॅसचे सिलिंडर हातगाडीवर घालून तलावावर जायला लागला. तो कापत असताना मुलं मागे उभी राहून विचारायची, "काका, आता कोणता मासा करताय?"

घरी तो मला काही म्हणाला नाही. त्याला वाटत होतं की मीही फसले, पुस्तकानेच फसवलं. एकदा मीच म्हणाले, "तू खोटं कशाला बोललास?" तो म्हणाला, "तुले आखो शिकानं शे. मन्हं काय, मी फाटके करसू." तुला अजून शिकायचं आहे, माझं काय, मी फाटकं करीन.

मी तिथे सगळं सांगू शकले असते. मी भांडी घासायला उठले.

तीन-चार दिवसांनी मी डबा घेऊन दुकानात गेले. भाऊ तलावावर होता. चाचा एकटे बसले होते. खिळ्यावर माझा खाकी कागद अजून टांगलेला होता.

"बेटी, मी आज शेठकडे जाणार," चाचा म्हणाले. "तो नको म्हणतो, पण मी जाणार. या कागदात शेपटी उभी आहे. याने कागदाप्रमाणे काम केलं. मग याचं नाव का काढलं? तू लहान आहेस, तुझी चूक माफ. पण याचं नाव याला मिळालं पाहिजे की नाही?"

"हो चाचा," मी म्हणाले. मग म्हणाले, "कागद मला द्या. आधी सरांना दाखवते. सरांनी सांगितलं तर शेठ ऐकतील."

त्यांच्या चेहऱ्यावर किती बरं वाटल्यासारखं झालं! त्यांनी स्वतः उठून कागद काढला, झटकला, सुरळी करून माझ्या हातात दिला. "देखो, पढाई का यही फायदा," ते म्हणाले.

सरांकडे मी खरंच गेले. सरांनी सुरळी उलगडली आणि पहिल्यांदा कोपऱ्यातली स्वतःची सही पाहिली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

"हे कोणाला दाखवलंस?"

"कोणालाच नाही सर."

"आता विषय संपलाय ना? तुझ्या भावाने कबूल केलंय. उगाच विभागाचं नाव त्यात यायचं. आणि फरशीवरची नावं कोण वाचतं?" त्यांनी कागद गुंडाळून मला परत दिला. "नको ठेवूस हे."

सरांनी सांगितलं म्हणून केलं, असं मला म्हणता येईल. बरीच वर्षं मी म्हणतही होते. पण सरांनी फक्त ठेवू नकोस म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई चूल पेटवत होती आणि लाकडं ओली होती. मी सुरळी तिच्याकडे सरकवली.

आईला अक्षरओळख नव्हती, पण लिहिलेल्या कागदाला पाय लागला तर ती कागद कपाळाला लावायची. "लिखेल कागद शे हाऊ," ती म्हणाली. "चुल्हामा घालू?"

"घाल. कामाचा नाही."

तिने कागद कपाळाला लावला आणि चुलीत घातला. आधी कडा जळल्या. पाणी तापलं, मी आंघोळ करून कॉलेजला गेले.

त्याच संध्याकाळी भाऊ लवकर घरी आला. घाईने आला होता, सायकलही नीट लावली नाही. दारातूनच म्हणाला, "तो कागद कोठे शे? चाचा म्हने तुन्हाकडे शे."

मी वही समोर धरून बसले होते. "कशाला?"

"शेठ तयार व्हई गया. चाचा गयथा त्याकडे. शेठ म्हनस कागद लई ये, देखसू. मी त्याले सांगं, कागद दाखाडसू, पन बहीनचं नाव काढानं नही. ती शिकी ऱ्हायनी, तिन्ही बी चूक माफ करा. शेठ म्हने, ठीक शे, दोन्ही नावे ऱ्हावा द्या." तो हसत होता. "तुन्हं बी ऱ्हाई, मन्हं बी ऱ्हाई. फक्त कागद दाखाडना शे. दे लवकर, तो थांबेल शे."

माझं नाव राहील याची अट घालून तो आला होता. मी म्हणाले, "सरांकडे आहे वाटतं. बघते."

आई चुलीपुढून म्हणाली, "कोणता कागद? तो मोठा, खाकी? तो तं आज सकाळी चुल्हामा गया. हिनीच दिन्हा ना."

भाऊ आईकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मला वाटलं तो ओरडेल. तो दाराच्या उंबऱ्यावर बसला आणि पायातले बूट काढू लागला. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी बुटांना भोकं पडलेली होती.

"कधी समजनं तुले?" त्याने खाली बघूनच विचारलं. "शेपटीचं."

त्या सगळ्या प्रकरणात मी त्याच्याशी एकदाच खरं बोलले. "उद्घाटनाच्या बारा दिवस आधी."

आईने विचारलं, "काय व्हयनं? मी जाळाले नही पाहिजे व्हतं का?"

"काही नही माय," भाऊ म्हणाला. "त्या कागदवर काहीच नही व्हतं. जेवाले वाढ."

तो जेवला. नेहमीएवढंच जेवला. हात धुतले, सायकल काढली आणि शेठकडे गेला. चाचांनी मला नंतर सांगितलं, दुकानात नाही, रस्त्यात, माझ्याकडे न बघता. भावाने शेठना सांगितलं की कागद सापडत नाही. शेठ म्हणाले, "होताच कुठे कागद? अरे, स्वतःची चूक पोरीच्या अंगावर घालतोस? लाज नाही वाटत?" आणि भाऊ म्हणाला, "वाटते साहेब." एवढं सांगून चाचा म्हणाले, "तुला सलाम, बेटी." आणि पुढे गेले.

कागद जळला तरी मला तोंड होतं. शेठचं दुकान आमच्या कॉलेजच्या वाटेवरच होतं. मी रोज दोनदा त्यावरून जायची. पायरीपर्यंत एकदा गेलेही. आत गिऱ्हाईक होतं. मी गिऱ्हाईक जायची वाट पाहिली नाही.

शेपटी पूर्ण होत आली तेव्हा एका रविवारी मी तलावावर गेले. मला काय करायचं होतं ते मलाही नीट माहीत नव्हतं. ग्रंथालयातलं ते जाड पुस्तक मी घरी नेण्यासाठी काढलं होतं आणि पिशवीत घेऊन आले होते. भाऊ शिडीवर होता. खाली ते कोकणातले पाहुणे उभे होते. शेठनी त्यांना थांबवून घेतलं होतं की पुन्हा बोलावलं होतं, कोण जाणे. ते तळवा आडवा धरून सांगत होते, "अजून थोडी खाली. टोकं मागे वळव. हां, असं." भाऊ त्यांच्या हाताकडे बघून हातोडा मारत होता. ज्या माणसाने सगळ्या गावासमोर हसून त्याची शोभा केली होती, त्याच्या हाताकडे तो इतक्या लक्षपूर्वक बघत होता की मी आलेले त्याला कळलं नाही.

पाहुणे चहाला गेले. मी शिडीखाली जाऊन उभी राहिले. वर पसरलेली शेपटी खरोखर सुंदर झाली होती. पिंपाच्या पत्र्याची दोन पानं, मधे खाच, टोकं जराशी उचललेली. पुस्तकातल्या चित्रापेक्षा चांगली. पुस्तक पिशवीतून काढायची माझी हिंमत झाली नाही.

"भाऊ," मी म्हणाले, "आता बरोबर आहे."

त्याने तोंडावरची वेल्डिंगची काच वर केली. घामाने चेहरा काळा झाला होता. रस्त्यावरच्या कोणाकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे पाहिलं.

"तुले कोन इचारनं?" तो म्हणाला, आणि काच खाली ओढून पुन्हा कामाला लागला.